एका अक्षराचा पाठलाग

दिवाळीच्या फराळाला चार पाहुणे जमले, की त्यांच्यापैकी एकजण तरी मला विचारतोच, “तुम्ही म्हणे चिनी शिकलात! एखादे वाक्य बोलून दाखवा पाहू.” मी वाक्य बोलतो. मुलांना हसू येते, मोठी माणसे कौतुकाने मान डोलावतात, आणि विषय चकलीच्या खुसखुशीतपणाकडे वळतो. वास्तविक त्या वेळी अर्धा चीन आमच्यापुढे मांडलेला असतो. चहा हा शब्द चिनी. तो ज्या कपात ओततात तो चिनीमातीचा. लोणच्याची बरणी चिनीमातीची. आणि अंगणात मुले जे फटाके उडवीत असतात त्यांची दारूही मूळची तिकडचीच. वस्तू आल्या आणि आपल्या झाल्या. भाषा मात्र उंबरठ्याबाहेरच राहिली.

पाहुण्यांना हवे असते ते पहिल्या वर्षाचे चिनी. त्यात गंमत आहे, हे मलाही मान्य आहे. पण आज मी लिहिणार आहे ते त्यानंतरच्या वर्षांविषयी. आपल्याच इतिहासाची काही पाने त्या वर्षांच्या पलीकडे ठेवलेली आहेत. आणि ज्या मोजक्या माणसांनी तिथवर जाण्याचा नेट धरला, त्यांच्यामुळेच ती आपल्याला वाचता आली. ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. ती कळली माझ्या एका चुकीमुळे.

त्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. उत्तरेतल्या एका विद्यापीठात मी चिनीच्या वर्गात नाव घातले, तेव्हा आम्ही अठ्ठावीसजण होतो. १९६२ च्या युद्धाची आठवण माणसांच्या मनातून गेलेली नव्हती. “शत्रूची भाषा कशाला शिकतोस?” असे आमच्या मामांनी विचारलेही होते. माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते. इतरांहून काही वेगळे करावे, एवढीच माझी त्या वयातली महत्त्वाकांक्षा होती.

पहिले वर्ष मजेत गेले. ‘मा’ हा एकच उच्चार चार सुरांत केला तर आई, ताग, घोडा आणि शिवी देणे असे चार अर्थ होतात, हे ऐकून आम्ही दिवसभर मा-मा करीत हिंडत असू. एक झाड काढले की झाड, दोन काढली की राई, तीन काढली की अरण्य. छपराखाली स्त्री दाखविली की शांती, आणि छपराखाली डुक्कर दाखविले की घर! वसतिगृहातल्या मित्रांना मी ही अक्षरे काढून दाखवी आणि वाहवा मिळवी. वर्षाअखेर मला पाच-सहाशे अक्षरे येत होती. आता दोन वर्षांत ही भाषा आपल्या खिशात, असे मला वाटू लागले होते.

दुसऱ्या वर्षी तो खिसा फाटका निघाला. पानावरची अक्षरे ओळखीची असत, पण वाक्याचा अर्थ लागत नसे. चिनी शब्दाला विभक्तीचा प्रत्यय नाही, क्रियापदाला काळाचे रूप नाही, वचन नाही, लिंग नाही. एकच अक्षर इथे नाम असते, तिथे क्रियापद होते. ते कुठे बसले आहे यावरून सारे ठरते. रामाला रावणाने मारले की रावणाला रामाने, हे आपल्याकडे प्रत्यय सांगतो. तिथे ते शब्दाची जागा सांगते.

त्यातही आम्ही शिकलो होतो ते आजचे बोलीचे चिनी. जुने ग्रंथ आहेत ते जुन्या चिनीत, आणि या दोहोंमधले अंतर बरेचसे मराठी आणि संस्कृत यांच्यामधल्या अंतरासारखे आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चीनमधल्या तरुण लेखकांनी बोलीत लिहिण्याची चळवळ केली; तोवर विद्वानांचे लिहिणे जुन्या भाषेतच होत असे. शिवाय १९५६ पासून चीन सरकारने पुष्कळ अक्षरे सुटसुटीत केली आहेत. आम्ही ती गिरवली होती, आणि जुन्या ग्रंथांत भेटत होती त्यांची पूर्वीची भरगच्च रूपे. जिच्याशी वर्षभर ओळख वाढविली ती व्यक्ती शालू नेसून, नथ घालून समोर यावी आणि आपण तिला ओळखू नये, तशी आमची गत झाली.

अर्थांनीही दगा दिला. आजच्या चिनीत ‘झौ’ म्हणजे चालणे. जुन्या चिनीत धावणे. आजचा ‘थांग’ म्हणजे सूप; जुना थांग म्हणजे नुसते कढत पाणी. ‘छ्यू’ म्हणजे आज जाणे. प्राचीन प्रवासवर्णनात तेच अक्षर ‘पासून दूर’ या अर्थाने येते. विद्यार्थी बिचारा त्या गावाला जाऊ लागतो, आणि ग्रंथकार त्या गावापासूनचे अंतर सांगत असतो! जुन्या ग्रंथांत विरामचिन्हे नाहीत. मोडीचे कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरे पळवायची. तिथे शब्द कुठे तुटतो ते हुडकावे लागते, इथे वाक्य कुठे संपते ते. कोश पाहावा तर तोही सरळ नाही. १७१६ साली पुऱ्या झालेल्या खांगशी कोशाने सत्तेचाळीस हजारांच्या आसपास अक्षरे २१४ गटांत लावली आहेत. आधी गट ओळखायचा, मग उरलेल्या रेघा मोजायच्या, मग पान शोधायचे. एका अक्षराला पाव तास सहज जाई.

अठ्ठावीसांचे अकरा झाले आणि अकरांचे तीन. मीही गाशा गुंडाळण्याच्या बेतात होतो. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावी हायस्कुलात इतिहास शिकवीत असत. त्यांचे पत्र आले होते : ‘बँकेच्या परीक्षेचा अर्ज सोबत पाठविला आहे. सही करून परत धाडावा. भाषेची हौस पुरी झाली असेल.’ त्यात राग नव्हता. घरात दोन बहिणींची लग्ने व्हायची होती, आणि वडील हिशेबी होते. मी अर्जावर सही करून तो वहीत ठेवला होता.

आमचे अध्यापक बंगाली होते, शांतिनिकेतनात चिनी शिकलेले. त्यांना ‘सर’ म्हटलेले आवडत नसे. आम्ही त्यांना ‘मास्टरमशाय’ म्हणत असू. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी वर्गात आम्ही तिघेच उरलो, तेव्हा त्यांनी पुस्तक मिटले आणि म्हणाले, “आता खरा वर्ग सुरू झाला. तिघे म्हणजे पुष्कळ झाले. या विद्येच्या इतिहासात तिघे एका वेळी क्वचितच असतात.” आणि पुढे महिनाभर रोज शेवटची दहा मिनिटे ते आम्हाला या विद्येच्या पूर्वजांच्या गोष्टी सांगत राहिले.

त्यांतला पहिला पूर्वज कुमारजीव. बाप हिंदुस्थानातून गेलेला, आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची. त्याची कीर्ती ऐकून चीनच्या सम्राटाने त्याला आणण्यासाठी सैन्य पाठविले, ३८४ साली कुचा पडले, आणि कुमारजीव हाती लागला. पण दरम्यान तो सम्राटच कोसळला, आणि सेनापतीने कुमारजीवाला वाटेत लियांगचौ येथे सुमारे सोळा वर्षे अडकवून ठेवले. त्या सोळा वर्षांत हा पंडित चिनी भाषा शिकला. ४०१ साली तो छांगआन राजधानीत पोचला, आणि मग त्याने जी भाषांतरे केली ती आजही चीनमध्ये पाठ म्हटली जातात. “कैदेत शिकला,” मास्टरमशाय म्हणत, “म्हणून पक्के शिकला. तुम्हाला मात्र मे महिन्याची सुट्टी हवी असते.”

दुसरा पूर्वज पॅरिसचा. आबेल रेम्यूझा हा पेशाने वैद्य. एका धर्मगुरूच्या संग्रहात त्याला वनस्पतींवरचा एक चिनी ग्रंथ दिसला आणि तो वाचण्याची त्याला ओढ लागली. शिक्षक नाही, हाताशी धड कोश नाही. तरी पाच-एक वर्षांत तो चिनी वाचू लागला. १८१४ साली कॉलेज द फ्रान्समध्ये त्याच्यासाठी चिनीचे अध्यासन निघाले, आणि युरोपात या भाषेची विद्यापीठातली पढाई सुरू झाली. फाहियानच्या प्रवासाचे भाषांतर त्याने केले, पण ते छापून निघालेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १८३२ च्या पटकीच्या साथीत तो गेला, आणि पुस्तक १८३६ साली बाहेर आले.

त्याच्या जागी आला त्याचा शिष्य, स्तानिस्लास ज्यूलियाँ. हा एका कारागिराचा मुलगा, स्वभावाने भांडखोर, कामात चिवट. रेम्यूझाने चीन पाहिला नव्हता, यानेही नाही. पण चिनी व्याकरण म्हणजे शब्दांच्या जागांचे व्याकरण, हे सूत्र याने पक्के मांडले. ह्युएनत्संगाचे चरित्र आणि त्याचा प्रवासग्रंथ यांचे भाषांतर करायचे त्याने मनावर घेतले. तिथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. ह्युएनत्संगाने आपल्याकडची शेकडो गावे, नद्या, राजे, विहार यांची नावे चिनी अक्षरांनी लिहिली आहेत, आणि चिनी लिपीत तर क-ख-ग नाही. मग ‘मो-ह-ला-छा’ म्हणजे काय ओळखावे? ज्यूलियाँने त्यासाठी संस्कृतचा अभ्यास केला. कोणते चिनी अक्षर कोणत्या संस्कृत ध्वनीसाठी वापरले आहे, हे ग्रंथामागून ग्रंथ चाळून त्याने टिपून काढले, आणि सुमारे अकराशे अक्षरांची यादी करून १८६१ साली त्या रीतीवर एक स्वतंत्र पुस्तकच छापले. चरित्र १८५३ साली निघाले होते, प्रवासग्रंथाचे दोन खंड १८५७ आणि १८५८ साली.

ही भाषांतरे हाती घेऊन जनरल कनिंगहॅम उत्तर हिंदुस्थानात हिंडला. बिहारमधल्या बडगाव या खेड्याजवळच्या टेकाडांखाली नालंदा विद्यापीठ गाडलेले आहे, हे त्याने १८६१-६२ च्या हंगामात निश्चित केले. आपल्या विद्यापीठाचा पत्ता आपण विसरलो होतो. तो एका चिनी भिक्षूने लिहून ठेवला होता, आणि आपल्यापर्यंत पोचवला पॅरिसमधल्या एका खोलीतून न हललेल्या माणसाने. मास्टरमशाय हे सांगून थांबत, आणि मग म्हणत, “ज्यूलियाँ पहिल्या वर्षावरच थांबला असता, तर?”

असो. आता माझ्या चुकीकडे येतो.

सहामाहीच्या सुमारास मास्टरमशायनी आम्हा तिघांना ह्युएनत्संगाच्या ग्रंथातला एकेक भाग निवडून भाषांतर करायला सांगितले. हा ग्रंथ ६४६ साली पुरा झाला. ह्युएनत्संगाने सांगितले आणि ब्येनजी नावाच्या शिष्याने लिहून काढले. ग्रंथाची बारा प्रकरणे आहेत. त्यांतल्या अकराव्यात महाराष्ट्राचे वर्णन आहे, हे मला ठाऊक होते. मग दुसरे काही निवडण्याचा प्रश्नच नव्हता! जपानमध्ये छापलेल्या त्रिपिटकाचा ५१ वा खंड मी ग्रंथालयातून काढला आणि पाच दिवस त्या एका पानाशी झुंज दिली.

त्या पानात काय आहे हे थोडक्यात सांगतो. देश सुपीक, माणसे धिप्पाड, साधी पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी सांगून घेतात. पराभूत सेनापतीला राजा शिक्षा करीत नाही. त्याला बायकांची वस्त्रे पाठवतो, आणि त्या लाजेने तो स्वतःच प्राण देतो. लढाईपूर्वी वीरांना आणि हत्तींनाही दारू पाजतात. राजा क्षत्रिय आहे, त्याचे नाव पु-लो-ची-शे. म्हणजेच बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी. आणि उत्तरेचा बलाढ्य सम्राट हर्ष स्वतः फौजा घेऊन चालून गेला, तरी या एका देशाला त्याला नमवता आले नाही. ह्युएनत्संग आपल्याकडे आला तो ६४१ च्या सुमारास. म्हणजे हे सारे ताज्या आठवणीतले आहे.

मी भाषांतर वाचायला उभा राहिलो. पहिला धक्का ‘लिन’ या अक्षराने दिला होता. आम्ही पहिल्या वर्षी ‘लिन-शी’ म्हणजे तात्पुरता असे शिकलो होतो. मी आधी राजधानीजवळ एक ‘तात्पुरती’ नदी वाहवली होती! कोशाने मला तिथे वाचवले. ‘लिन’चा जुना अर्थ समोर ठाकणे, वरून खाली पाहणे, लगत असणे. पण पुढच्या ठिकाणी मी कोश उघडलाच नाही, कारण अक्षर अगदी ओळखीचे होते. ते अक्षर ‘बेइ’. बीजिंगमधला ‘बी’ तो हाच. बेइ म्हणजे उत्तर, जिंग म्हणजे राजधानी. मी ऐटीत वाचले, “रणांगणात समोर ठाकले असता हे लोक उत्तरेकडे पाठलाग करतात.”

मास्टरमशायनी चष्मा काढला. “उत्तरेकडेच का? शत्रू दक्षिणेला पळाला तर तुझे महाराष्ट्रीय काय करतात?”

मी गोंधळलो, पण वर्गात हार कशी मानावी? म्हणालो, “मास्टरमशाय, आम्हाला उत्तरेची ओढ पहिल्यापासूनच. १७५८ साली आमचे लोक पार अटकेपर्यंत गेले होते.”

ते इतके हसले की त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागला. मग उठून त्यांनी फळ्यावर ‘बेइ’ या अक्षराचे सर्वांत प्राचीन रूप काढले. दोन माणसे, एकमेकांकडे पाठ करून उभी. “मुळात हे अक्षर दिशेचे नव्हेच,” ते म्हणाले, “हे पाठीचे. राजा सिंहासनावर दक्षिणेकडे तोंड करून बसतो, घराचे दारही दक्षिणेला असते. मग पाठीकडची दिशा कोणती? उत्तर. म्हणून पाठीच्या अक्षराला दिशेचा अर्थ आला. पण रणांगणात ‘बेइ’ म्हणजे जो शत्रूकडे पाठ फिरवतो तो. आम्ही बंगालीत पृष्ठप्रदर्शन म्हणतो.”

मी फळ्याकडे पाहतच राहिलो. मग माझ्या तोंडून निघाले, “मास्टरमशाय, आम्ही याला पाठ दाखवणे म्हणतो. आणि पाठ दाखवून पळणाऱ्याच्या मागे लागणे, त्याला आम्ही म्हणतो पाठलाग.”

“काय म्हणता?”

“पाठलाग. पाठीला लागणे.”

त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. मग म्हणाले, “अरे, मग हे दोन अक्षरांचे भाषांतर तुझ्या भाषेत तयारच आहे. इंग्रजाला इथे चार शब्द लागतात. आणि तू, ज्याच्या खिशात हा शब्द होता, तो उत्तरेला कशाला धावलास?”

मी लाजलो खरा. पण त्या दुपारी माझ्या मनात काहीतरी हलले. पहिल्या वर्षाने मला ‘बेइ’ म्हणजे उत्तर एवढे शिकवले होते, आणि ते खोटे नव्हते. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या माझ्याच मुलुखातल्या माणसांविषयी मी एक चुकीचे वाक्य जन्मभर खरे मानून बसलो असतो. त्या वाक्याचा पुढचा भाग तर अधिकच मोलाचा आहे : पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्याला मारत नाहीत. पहिला शब्द चुकला तर दुसऱ्याची थोरवीही कळत नाही.

मग मला त्या पानाचा छंदच लागला. राजधानीच्या पश्चिमेला एक मोठी नदी आहे एवढेच ह्युएनत्संग सांगतो, शहराचे नाव सांगत नाही. त्या एका लहानशा वाक्यापायी विद्वान शंभर वर्षे महाराष्ट्रभर वणवण हिंडले आहेत. एकाने देवगिरी सुचवली, पण तिथे नदी नाही. कनिंगहॅमने कल्याणी म्हटले, फर्ग्युसनने गोदाकाठची टोके, पुणतांबे, पैठण ही नावे घेतली, फ्लीटने नाशिक धरले. नदी कुठल्या बाजूला, प्रवासी कुठून आला, किती ‘ली’ चालला, सारा वाद अक्षरांवर उभा आहे.

त्याच पानावर पुढे राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन आहे. खोल दरी, कड्यात कोरलेले मजले, भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथा, आणि दाराबाहेर दगडी हत्ती. वाचणारा मराठी माणूस ‘अजिंठा!’ म्हणून ओरडल्याशिवाय राहणार नाही. विहार बांधणाऱ्या अर्हताचे नाव ‘अ-च-लो’ असे दिले आहे आणि त्याचा अर्थ आचरण असा सांगितला आहे. म्हणजे संस्कृत ‘आचार’. पण अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर ‘अचल’ याने शास्त्यासाठी शैलगृह करविल्याचे म्हटले आहे. आचार की अचल? त्या काळच्या चिनी भाषेत आपल्यासारखा ‘र’ नव्हता. आपल्या ‘र’साठी आणि ‘ल’साठी त्यांनी बहुधा एकच अक्षर वापरले. ऐकले ‘अचल’ आणि लिहिता लिहिता अर्थ झाला ‘आचार’, असे घडले असावे. एका ध्वनीच्या अभावी एका माणसाचे नाव बदलले, आणि शिलालेखामुळे ते परत मिळण्याचा संभव निर्माण झाला. हे दोन्ही पुरावे एकमेकांशेजारी ठेवायचे, तर चिनी पान वाचणारा कोणीतरी हवा.

हे सारे मी वडिलांना सविस्तर लिहिले. पत्र आठ पानी झाले. बँकेचा अर्जही त्याच पाकिटात घातला, सही केलेला. पाठवायचा की नाही ते त्यांनी ठरवावे, असे लिहिले. त्यांचे उत्तर पंधरा दिवसांनी आले. त्यांनी लिहिले होते की, आपण तीस वर्षे वर्गात पुलकेशीने हर्षाला नर्मदेवर अडवले असे सांगत आलो. पण हे कोणी कुठून आणले, असे ना एकाही मुलाने विचारले, ना आपल्या मनात कधी आले. आता त्यांनी शोधले होते. ऐहोळेचा रविकीर्तीचा शके ५५६ चा शिलालेख हा एक साक्षीदार, आणि दुसरा हा चिनी भिक्षू. ज्यूलियाँच्या फ्रेंचमधून आणि पुढे बीलच्या १८८४ च्या इंग्रजीमधून तो युरोपीय विद्वानांना कळला, आणि डॉक्टर रामकृष्णपंत भांडारकरांनी त्याच १८८४ साली निघालेल्या आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात त्याची साक्ष घेतली. पत्राच्या शेवटी दोनच ओळी होत्या : ‘अर्ज माझ्यापाशी ठेवून घेतला आहे. त्या चिन्याने आपल्याविषयी आणखी काय लिहिले आहे ते कळवावे.’ दुसऱ्या दिवशी साठ रुपयांची मनिऑर्डर आली. साठ रुपये त्यांना कसे जड गेले असतील ते मला ठाऊक आहे.

मी शिकत राहिलो. मोठा पंडित झालो नाही. हे खोट्या विनयाने सांगत नाही. पण वाचता येऊ लागले, आणि मग आपल्या घराजवळच कोण कोण ही वाट चालून गेले ते दिसू लागले.

१९२१ साली सिल्व्हाँ लेव्ही हे फ्रेंच पंडित रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आले आणि त्यांनी तिथे चिनी आणि तिबेटी शिकवले. त्यांचे शिष्य प्रबोधचंद्र बागची पॅरिसला गेले, आणि चीनमधल्या बौद्ध ग्रंथभांडारावर त्यांनी फ्रेंचमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. १९२८ साली तान युन-शान हे चिनी तरुण अध्यापक शांतिनिकेतनात आले. १४ एप्रिल १९३७ रोजी, बंगाली वर्षप्रतिपदेच्या सुमारास, तिथे चीन भवनाचे उद्घाटन झाले.

आणि पुण्यात? फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणाऱ्या पुरुषोत्तम विश्वनाथ बापटांनी चिनी आत्मसात केली. उपतिस्साचा ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ ५१५ साली चिनीत गेला होता आणि त्याचे संपूर्ण रूप चिनीतच उरले होते. बापटांनी तो बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला, आणि तो अभ्यास १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध केला. १९७० साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षाच्या आसपास, हिराकावा या जपानी पंडितांच्या साहाय्याने त्यांनी पाली विनयाच्या अट्ठकथेच्या चिनी अवताराचे इंग्रजी भाषांतर भांडारकर संस्थेतून काढले. ज्या वयात माणसे नातवंडांना फिरायला नेतात त्या वयात हे गृहस्थ २१४ गटांच्या कोशात रेघा मोजत होते! त्यांचेच सहकारी वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी १९३० साली जर्मनीत ‘अक्षरशतक’ या चिनी-तिबेटीत उरलेल्या छोट्या ग्रंथावर काम केले. आणि वसंत वासुदेव परांजपे १९४७ साली शिष्यवृत्ती घेऊन पेकिंग विद्यापीठात गेले. १९५४ साली पंडित नेहरू चीनला गेले तेव्हा दुभाष्याचे काम त्यांनी केले. दोन अफाट देश बोलत होते, आणि मधे एक मराठी माणूस उभा होता, ज्याने दुसऱ्या वर्षी वर्ग सोडला नव्हता.

पुढे १९६२ आले. युद्धात भाषेचा काही अपराध नसतो, पण शिक्षा तिलाही होते. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचे केंद्र निघाले, ते मुख्यतः शेजारी काय करतो आहे हे कळावे म्हणून. तेही आवश्यकच होते. शेजाऱ्याची भाषा न कळणे हा शौर्याचा भाग नव्हे. पण त्या भाषेत आपलीही ठेव आहे, याची आठवण त्या दिवसांत कमी झाली. ती ठेव केवळ बौद्धांची नाही. वैशेषिक दर्शनाचा ‘दशपदार्थशास्त्र’ हा ग्रंथ संस्कृतात नाहीसा झाला. ह्युएनत्संगाने ६४८ साली केलेल्या चिनी भाषांतरामुळे तो टिकला, आणि उई या जपानी पंडिताने १९१७ साली तो इंग्रजीत आणला. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका उज्जैनच्या परमार्थाने सहाव्या शतकात टीकेसह चिनीत नेल्या. ती टीका मूळची कोणाची, या वादात १९१७ साली पुण्याच्या बेलवलकरांनी माठरवृत्ती पुढे केली होती. आपल्याच दर्शनांचा निवाडा करायला साक्षीदार म्हणून चिनी पाने बोलवावी लागतात.

निवृत्त होईपर्यंत मीही शिकवले. पहिल्या वर्षी वर्ग भरलेला असे. तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलेल्या माझ्या विद्यार्थ्यांची नावे मला आजही पाठ आहेत. ती पाठ राहण्याइतकी थोडी आहेत, हेच त्याचे कारण. गेलेल्यांना मी कधी दोष दिला नाही. त्यांच्याही वहीत कुणाचा तरी सही केलेला अर्ज असेल, आणि सगळ्यांच्याच वडिलांना साठ रुपये काढता येत नाहीत.

वडील गेले तेव्हा त्यांच्या कागदांत बँकेचा तो अर्ज सापडला. त्यांनी तो जपून ठेवला होता. आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर मी पत्रात काढून पाठविलेले ‘बेइ’ हे अक्षर आपल्या हाताने तीन-चारदा गिरवले होते. पाठमोरी दोन माणसे. रेघांचा क्रम चुकला होता, पण अक्षर ओळखू येत होते.

यंदा फराळाच्या वेळी एका पाहुण्याच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीने मला वाक्य बोलून दाखवायला सांगितले नाही. तिने विचारले, “बीजिंगचा अर्थ काय?” मी सांगितले, उत्तरेची राजधानी. ती म्हणाली, “आणि उत्तरेला ‘बी’ का म्हणतात?” चहा निवत होता. मी कागद मागवला आणि दोन माणसे काढली.